शाळेची सरासरी आणि मुलांची उत्तरं

महोदय,

प्रमाणित चाचणीत अमुक प्राथमिक शाळा घसरली, अशा बातम्या वाचून तिसरीची वर्गशिक्षिका म्हणून राहवलं नाही. 20 मुलांच्या वर्गात एकच मूल 80 गुणांवरून 20 वर आलं, तरी वर्गाची सरासरी 3 गुणांनी उतरते. शिवाय गेल्या वर्षीची तिसरी आणि यंदाची तिसरी, यातली मुलंच वेगळी!

‘24 पेन्सिली 6 मुलांना सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला किती?’ याचं उत्तर माझ्या वर्गातल्या एकीनं 30 लिहिलं. तेच गणित मी वाचून दाखवलं, तर ‘चार’ म्हणून मोकळी झाली. तिला भागाकार येतो. वाचताना ती अडखळते आणि दोन आकडे दिसले की बेरीज करून टाकते. निकालात मात्र ती गणितात कच्ची.

चाचण्या बंद करा असं मी म्हणत नाही; कोण मागे पडतंय हे त्यातून कळतं. पण शाळांची क्रमवारी छापण्याआधी प्रत्येक मुलाची प्रश्नवार उत्तरं शिक्षकांच्या हाती द्या, तीही वर्ष संपायच्या आत. निकाल सुट्टीत आला, तर त्या मुलीसोबत वाचायला बसायची माझी वेळ निघून गेलेली असते.

– एक प्राथमिक शिक्षिका