रोयणीची अळमी आणि ‘पांढरी मुंगी’

संपादक महोदय,

अळम्यांचा, म्हणजे वाळवीच्या वारुळावर उगवणाऱ्या रानअळंब्यांचा, मोसम आला की वाळवीला सर्रास ‘पांढरी मुंगी’ म्हटले जाते. वाळवी नात्याने झुरळाची. मुंगी गांधीलमाशीच्या कुळातली. तरी बुरशीची शेती दोघींनी वेगवेगळी साधली: वाळवीने सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत, मुंग्यांनी त्याहीआधी दक्षिण अमेरिकेत.

रोयणीच्या (वाळवीच्या वारुळाच्या) पोटात वाळवी पालापाचोळा, लाकूड खाऊन अर्धवट पचलेल्या विष्ठेचे स्पंजासारखे पोळे रचते. त्यातले लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा, पचायला अवघड घटक) बुरशी फोडते, मग जुने पोळे वाळवी खाते. दक्षिण अमेरिकेतल्या पानकाप्या मुंग्या हिरव्या पानांचा चावून लगदा करतात, त्याला विष्ठेचेच खत. फरक बियाण्यात. नवी मुंगीराणी बुरशीचा तुकडा तोंडातल्या पिशवीत घेऊन निघते. वाळवीच्या नव्या वसाहतीत मात्र बहुधा पहिल्या कामकरी बाहेरून बीजाणू आणतात. ते पडतात उमललेल्या छत्रीतून, म्हणजे याच बुरशीच्या अळम्यातून.

म्हणून सगळ्याच कळ्या उपटू नयेत, देठ जमिनीलगत कापावा. (सांतेरी देवी म्हणून ज्या रोयणीला हात जोडतो, तिच्यावरच कुदळ?) रोयण फोडल्यामुळे वाळवी पोळे सोडून गेली, की त्यावर दुसरीच बुरशी तणासारखी माजते आणि अळमी तिथे उगवत नाहीत.

— एक वाचक, फोंडा