आपण अण्णांना तो प्रश्न विचारलात म्हणून

आदरणीय सिस्टर यांस,
सा. न. वि. वि.

जेलरोडवरील आमच्या इमारतीत आपण सर्वांच्याच सिस्टर आहात, त्यामुळे नाव न घालता हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आयुष्यभर पाळ्या केलेले आमचे अण्णा आई गेल्यानंतर हळूहळू आटत गेले. संध्याकाळी मुक्तिधाम मंदिरात जाणे थांबले, जेवण अर्ध्या पोळीवर आले, पहाटे तीनलाच जाग येऊ लागली. तक्रार मात्र पोट साफ होत नसल्याची आणि पाठदुखीची. आम्ही डॉक्टर केले, रक्त तपासले आणि ‘वयोमानाने होतेच’ हे उत्तर घेऊन परत आलो. म्हातारपणी नैराश्य आले तर माणूस उदास आहे असे म्हणेलच असे नाही, झोप, भूक आणि दुखणी यांतूनच ते पुष्कळदा दिसते, हे आपण सांगेपर्यंत आम्हांला ठाऊक नव्हते. त्यांनी नातवाला आपले घड्याळ दिले, मला बँकेची कागदपत्रे समजावून सांगितली, तेव्हा तर त्यांच्या टापटिपीचे मला कौतुकच वाटले होते.

त्या दिवशी आपण चहाची कपबशी बाजूला ठेवून सरळ विचारलेत, “अण्णा, जीव द्यावा असं मनात येतं का?” खरे सांगतो, मला आपला राग आला होता. नसता विचार त्यांच्या डोक्यात घातला जाईल, असे वाटले. अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “येतं. रोज येतं.” विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट एकट्याने वाहायचे ओझे उतरते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले.

आपण उपदेश केला नाहीत. घरातल्या सगळ्या गोळ्या, माझ्यासुद्धा, पत्र्याच्या डब्यात भरून आपल्या कपाटात नेल्यात, रात्री त्यांच्या खोलीत कोणीतरी झोपावे असे बजावलेत आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे आमच्याबरोबर आलात. वृद्धांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न तरुणांपेक्षा कमी होतात, पण त्यांतून जीव जाण्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून त्यांचे ‘आता पुरे झाले’ कधी सहज घेऊ नये, हे आपण रिक्षात सांगितलेत. औषधाला गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच बंद करायचे नाही आणि या वयात रक्तातले सोडियम तपासत राहावे लागते, हेही आपणच आम्हांला पुन्हा पुन्हा सांगत राहिलात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आपल्या अक्षरात आजही फ्रिजवर आहे. एका रात्री दोन वाजता तो आम्ही लावलाही.

अण्णा आता मुक्तिधामपर्यंत जातात. रोज नाही, पण जातात. रात्रीची गोळी घ्यायला आपल्याकडे येतात आणि आपल्या चहात साखर कमी असते अशी तक्रार घरी येऊन करतात. डबा अजून काही महिने आपल्याकडेच राहू द्यावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी