फीत कापून झाल्यावरचं बिल कोण भरणार? विज्ञानमंत्र्यांना खुलं पत्र

मा. विज्ञानमंत्री,
(नाव मुद्दाम घातलं नाही. खाती बदलत राहतात, पत्र वाचलं जाईपर्यंत खुर्चीत कोण असेल सांगता येत नाही, जे असतील त्यांनी आपल्यालाच लिहिलंय असं समजावं.)

सप्रेम नमस्कार.

पत्राचा विषय ज्वालामुखी, कॉम्प्युटर नेटवर्क आणि मेंदूवरचं संशोधन असा आहे. तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध असं वाटेल, आणि तुमच्याकडे या तिघांच्या फायली बहुतेक तीन वेगळ्या मजल्यांवरच असतील. पण तिघांचं दुखणं एकच आहे म्हणून एकत्र लिहितोय. यंत्र विकत घ्यायला पैसे मिळतात, ते चालू ठेवायला मिळत नाहीत. बास, एवढंच सांगायचंय, पण नुसतं एवढं लिहिलं तर तुम्ही "नोंद घेतली" म्हणून पत्र बाजूला ठेवाल, म्हणून जरा सविस्तर.

२२ मे २०२१ च्या संध्याकाळी काँगोमधला न्यिरागोंगो ज्वालामुखी फुटला. त्याच्या पायथ्याशी गोमा हे लाखो वस्तीचं शहर आहे. लाव्हा पार शहराच्या कडेपर्यंत आला, तीसेक माणसं गेली, हजारो घरं गेली. आता त्याच्या आधीचं ऐका. या डोंगरावर लक्ष ठेवणारी वेधशाळा गोमातच आहे, भूकंपमापक बसवलेले होते, शिकलेली माणसं होती. पण बाहेरून येणारं फंडिंग २०२० मध्ये संपलं आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत वेधशाळेत इंटरनेटच नव्हतं. म्हणजे सेन्सर डोंगरावर, ते ऐकणारे खाली शहरात, आणि मधलं कनेक्शन बंद, का तर त्याचे पैसे कुठल्याच बजेटमध्ये बसत नव्हते!

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो नाहीतर तुमचे सचिवच मला खोडून काढतील. २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की या उद्रेकाआधी ओळखू येतील अशा खुणा फार उशिरा, साधारण ४० मिनिटं आधी सुरू झाल्या होत्या. त्यामुळे इंटरनेट चालू असतं तर सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही. पण पुढच्या आठवड्यात काय झालं ते बघा. लाव्हा थांबला तरी शिलारस जमिनीखालून शहराच्या आणि किवू तलावाच्या दिशेने सरकत होता, धक्के थांबत नव्हते, शेवटी २७ मे ला शहराचा मोठा भाग रिकामा करायचा आदेश निघाला आणि काही लाख लोक मिळेल त्या वाटेने बाहेर पडले. असा निर्णय घेताना शास्त्रज्ञाला विचारतात, हे धक्के नेहमीपेक्षा जास्त आहेत का? आता "नेहमी" म्हणजे किती हे तो कशावरून सांगणार, त्याच्याकडे आधीचे शांत महिने नोंदवलेलेच नसतील तर?

शांत काळातला डेटा बघायला अगदी कंटाळवाणा असतो, सरळ रेघ, मधेच एखादं टोक, परत सरळ रेघ. पण धोक्याचा अंदाज त्याच्याच जिवावर बांधतात.

आणि नेमका हाच प्रश्न मेंदूवाल्यांचा आहे. अपस्माराच्या पेशंटला फिट कधी येईल हे आधी कळलं तर त्याचं आयुष्य बदलू शकतं, कारण निम्मा त्रास फिटचा आणि निम्मा ती कधी येईल या धास्तीचा असतो. ऑस्ट्रेलियात १५ पेशंटच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून त्यांच्या मेंदूतल्या विजेची चोवीस तास नोंद ठेवली, काहींची तर दोन वर्षांच्या वर. आत्ता धोका जास्त आहे का कमी ते पेशंटला जवळच्या एका छोट्या यंत्रावर दिव्याच्या रंगाने कळायचं. २०१३ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त निकाल छापून आले, सगळ्यांना नाही पण काहींना खरोखर उपयोग झाला. मग यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे पैसे संपले. यंत्रं काढून घ्यावी लागली, ज्यांना ती सोडायची नव्हती त्यांचीसुद्धा. डोक्यातून काढली हो, टेबलावरून नाही.

एक मात्र बरं झालं, तो डेटा टिकला आणि बाकीच्या संशोधकांना मिळाला. पुढे कित्येक वर्षं लोकांनी त्याच्यावर काम केलं आणि त्यातून दिसलं की अनेकांच्या फिट्सना काही दिवसांची, काही आठवड्यांची ठरावीक लय असते. हॉस्पिटलमध्ये अर्धा तास ईईजी (डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद) काढून हे कधी दिसलंच नसतं. १५ माणसं फक्त, पण नोंद लांब होती.

ज्वालामुखी आणि मेंदूचं साम्य मी ओढूनताणून आणतोय असं वाटू देऊ नका. २००३ मध्ये बेग्ज आणि प्लेन्झ या दोघांनी उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांमध्ये बघितलं की न्यूरॉनची, म्हणजे मेंदूतल्या पेशींची, हालचाल लाटेसारखी पसरते आणि छोट्या लाटा भरपूर, मोठ्या कमी, महाप्रचंड एखादी, हे प्रमाण भूकंपांच्या गणितासारखंच निघतं. त्याचा अर्थ काय यावर अजून वाद चालू आहेत, ते चालू राहू देत. पण भूकंपवाल्यांचं गणित मेंदूवाल्याला उपयोगी पडतं हे ज्या व्यवस्थेत मजलेच वेगळे आहेत तिथे कोणाच्या लक्षात येणार?

आता नेटवर्क. तुम्हाला वाटेल ते तर झालंच की, सगळीकडे इंटरनेट आहे, त्यात संशोधन काय करायचं राहिलंय. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि तिथलंच विद्यापीठ यांच्यातलं कनेक्शन अचानक मान टाकायला लागलं. अंतर ४०० यार्ड, चालत जाऊन कागद देऊन आलं तरी चालेल इतकं. स्पीड सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला, ४० हजार नव्हे, नुसते ४०. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स हे दोघं त्याच्या मागे लागले की असं का होतंय. कारण असं निघालं की रस्ता तुंबला की प्रत्येक मशीन डेटाची हरवलेली पाकिटं (पॅकेट्स) परत परत पाठवत होतं आणि त्याने रस्ता अजून तुंबत होता. १९८८ च्या पेपरमध्ये त्यांनी उपाय दिला, सुरुवात हळू करा, तुंबलं की मागे सरका. आज नेटवर जे काही धडपणे चालतं त्याच्या मुळाशी ही कल्पना आहे. या कामाचं उद्घाटन करायला कोणी मंत्री गेले नव्हते, उद्घाटन करण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

आणि हे नेटवर्क किती नाजूक आहे ते ज्वालामुखीनेच दाखवून दिलं. १५ जानेवारी २०२२ ला टोंगामधला समुद्रातला ज्वालामुखी फुटला, राखेचा खांब ५७ किलोमीटर वर गेला, हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला एकदा नाही अनेकदा फेऱ्या मारून गेली. त्यात टोंगाला फिजीशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली, बाहेरच्या जगाशी जोडणारी ती एकच केबल होती. दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीहून आलं, पाच आठवडे गेले. देशातल्या देशात बेटांना जोडणारी दुसरी केबल नीट व्हायला तर दीड वर्ष लागलं. सगळ्यात जास्त बोलायची गरज होती तेव्हाच तोंड बंद.

पण त्याच केबलचा उलटा उपयोगही होतो आणि हा भाग मला फार आवडतो. काचेच्या तंतूतून प्रकाशाचे ठोके सोडले की काचेतल्या बारीक बारीक दोषांवरून थोडा प्रकाश परत येतो. जमीन जराशी ताणली किंवा हलली की त्या परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो, आणि तो मोजला की एक साधी टेलिफोनची केबल हजारो सेन्सरचं काम करते. आइसलँडमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं, त्यानंतर तिथल्या १०० किलोमीटर केबलवर हे तंत्र लावलं, आणि शिलारस वर सरकतोय हे लाव्हा बाहेर यायच्या अर्धा तास ते काही तास आधी कळायला लागलं. केबल कंपनीची, प्रकाशाचं तंत्र भौतिकशास्त्रवाल्यांचं, आणि डोंगर ज्याचा त्याचा. तुमच्या एका मजल्यावरून हे मंजूर झालं असतं का, खरं सांगा.

मेंदूच्या नकाशांचं परत तेच. १९८६ मध्ये एका बारीक जंताच्या ३०२ न्यूरॉनचं जाळं कागदावर आलं, त्याला दहा वर्षांच्या वर लागली होती. २०२४ मध्ये फळमाशीचा अख्खा मेंदू झाला, १,३९,२५५ न्यूरॉन. २०२५ मध्ये उंदराच्या मेंदूचा फक्त एक घन मिलिमीटर तुकडा, त्यात ५० कोटींच्या वर जोडण्या आणि डेटा १.६ पेटाबाइट, म्हणजे १६ लाख जीबी! माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन आहेत, त्याचं काय ते तुम्हीच बघा. एवढा डेटा साठवायचा कुठे, वीस वर्षं सांभाळायचा कोणी, दुसऱ्या लॅबला तो कुठल्या लाइनवरून पाठवायचा, हे सगळे नेटवर्कचे प्रश्न आहेत आणि यातलं काहीच तीन वर्षांच्या ग्रँटमध्ये बसत नाही.

याच्या उलट युरोपने २०१३ मध्ये मानवी मेंदूच्या प्रकल्पासाठी दहा वर्षांत एक अब्ज युरोपर्यंतच्या घोषणा केल्या. मेंदूच कॉम्प्युटरवर उभा करू वगैरे. २०१४ मध्ये शेकडो न्यूरोशास्त्रज्ञांनी त्याच्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं (म्हणजे या प्रकारातला मी काही पहिला नाही), मग रचना बदलली, प्रकल्प २०२३ ला संपला, खर्च ६० कोटी युरोच्या आसपास झाला. काहीच हाती लागलं नाही असं नाही, नकाशे आणि डेटाची सोय चांगली झाली. म्हणजे ज्याची जाहिरात केली ते राहून गेलं आणि ज्याची जाहिरात कोणी केली नसती ते टिकलं.

आता खर्चाचं बोलू, कारण शेवटी फाइल तिथेच अडते. १३ नोव्हेंबर १९८५ ला कोलंबियात नेवादो देल रुइझ फुटला, वरचा बर्फ वितळून चिखलाचा लोंढा उतरला आणि आर्मेरो गाव गाडलं गेलं, एकूण २३ हजारांच्या आसपास माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता, त्यात आर्मेरो दाखवलेलं होतं. लोंढा गावात पोचायला दोन तासांहून जास्त लागले. दोन तासांत माणूस चालत टेकडीवर जातो हो. शास्त्रज्ञांनी सांगितलेलं गावातल्या माणसापर्यंत पोचवणारी साखळीच नव्हती. त्यानंतर १९८६ मध्ये अमेरिकेने एक छोटं पथक उभं केलं, यंत्रं पेटीत भरून तयार, बोलावणं आलं की निघायचं. ही माणसं एरवी काय करतात असा प्रश्न तेव्हाही कोणी ना कोणी विचारला असणारच. १९९१ मध्ये पिनाटुबो जागा झाला तेव्हा हे पथक फिलिपाइन्सच्या शास्त्रज्ञांबरोबर उद्रेकाच्या आधीच डोंगराशी पोचलेलं होतं. १५ जूनचा उद्रेक शतकातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, त्यात वादळाचा पाऊस, भिजलेल्या राखेच्या वजनाने छपरं पडून शेकडो माणसं गेली, पण वेळेवर हलवल्यामुळे किमान ५ हजार जीव आणि किमान २५ कोटी डॉलरची मालमत्ता वाचली असा अंदाज आहे.

दुसरीकडे इंडोनेशियात अनाक क्राकाताऊचा कडा २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री समुद्रात कोसळला, सुनामीत चारशेच्या वर लोक गेले, आणि तिथल्या आपत्ती विभागाच्याच प्रवक्त्याने सांगितलं की समुद्रात सोडलेली सुनामी ओळखणारी तरंगती यंत्रं २०१२ पासून बंद आहेत. तोडफोड, बिघाड आणि बजेट नाही. विकत घेतली होती, बसवली होती, फोटोही निघाले असतील.

तेव्हा मागणी अशी आहे. यापुढे कुठलंही यंत्र मंजूर करताना ते दहा वर्षं चालवायचा खर्च त्याच कागदावर मंजूर करा, बॅटऱ्या, इंटरनेट, सर्व्हर, डोंगरावर जायची गाडी सगळं धरून. तेवढे पैसे नसतील तर यंत्रं निम्मी घ्या, आमची तक्रार नाही. टेक्निशियन कंत्राटी ठेवू नका, कारण कुठला सेन्सर पावसात खोटं बोलतो हे त्यालाच माहीत असतं आणि तो गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. डेटा सगळ्यांना खुला करा. पेशंटच्या शरीरात यंत्र बसवायची परवानगी देताना कंपनी बुडाली तर पुढे त्या माणसाचं बघणार कोण हे आधी लिहून घ्या. आणि दोन वेगळ्या शाखांच्या लोकांनी मिळून अर्ज केला तर तो "आमच्या विभागाचा विषय नाही" म्हणून इकडून तिकडे फिरवणं थांबवा, यासाठी तर एक पैसा लागत नाही.

सगळ्यात आधी एक आकडा जाहीर करा. गेल्या दहा वर्षांत तुमच्या खात्याच्या पैशातून घेतलेल्या यंत्रांपैकी आज, हे पत्र वाचताय त्या दिवशी, किती चालू आहेत? यादी तुमच्याकडे असेलच, खरेदीची तरी नक्कीच असेल. तिच्यात फक्त एक रकाना वाढवायचाय.

उत्तराची वाट बघतोय. कळावे, लोभ असावा.

आपला,
सर्व्हरचे लॉग वाचून पोट भरणारा एक माणूस