दशांश देतोय, मग हिशोब मागितला तर काय बिघडलं?

मा. संपादक साहेब, सलाम.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की ख्रिस्ती लोकांची चर्चेस सगळी फॉरेनच्या पैशावर चालतात. वाचून आधी हसू आलं मग जरा वाईट वाटलं, कारण आमच्या घरातून चर्चला जो पैसा गेला तो आईच्या पगारातला होता, ती नगरला सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती. पगार तेव्हा रोख हातात मिळायचा. घरी आली की कॉटवर बसून नोटा मोजायची आणि किराणावाला, दूधवाला, माझी फी या सगळ्यांच्या आधी दहावा हिस्सा बाजूला काढायची. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट होतं, त्यावर पेन्सिलीनं 'प्रभूचे' असं लिहिलेलं, ते कपाटात साड्यांच्या खाली. नववीत असताना माझे बूट फाटले होते म्हणून मी त्या पाकिटाकडं बोट दाखवलं तर म्हणाली, ते आपलं नाहीच, आपलं नसलेल्यातून बूट कसे घ्यायचे. पुढच्या पगारापर्यंत चपलेवर शाळेत गेलो.

तर दशांश म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी आजही देतो. माझं म्हणणं दुसरंच आहे.

आमच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना संपली की वेस्ट्रीत (चर्चला लागून असलेल्या खोलीत) खजिनदार आणि पास्टरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीचा, अजून एक मेंबर असे दोघं मिळून अर्पणाच्या मखमली थैल्या टेबलावर उलट्या करायचे, आम्ही पोरं दारातून बघायचो, चार आणे आठ आण्यांचे ढीग लागायचे. जाड रजिस्टरमध्ये आकडा आणि खाली दोघांच्या सह्या. पुढच्या रविवारी पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, सूचना वाचताना ठरलेल्या लग्नांच्या जाहीर सूचना आणि आजाऱ्यांच्या नावांबरोबर सांगायचे, गेल्या रविवारचं अर्पण एवढे रुपये एवढे पैसे. पैसेसुद्धा वाचायचे! कापणीच्या सणाला तर मजाच असायची, कुणी बाजरी आणायचं, कुणी भोपळा, कुणी जिवंत कोंबडी, मग लिलाव. एकदा एकच कोंबडी तीनदा विकली गेली कारण जो घ्यायचा तो परत अर्पण करायचा, शेवटी ती कुणाच्या घरी गेली ते आठवत नाही पण तिन्ही रकमा रजिस्टरला चढल्या होत्या एवढं नक्की आठवतंय.

आता मी हॉलमध्ये भरणाऱ्या ज्या छोट्या चर्चमध्ये, म्हणजे फेलोशिपमध्ये, जातो तिचं नाव लिहीत नाही. चांगली माणसं आहेत, माझी बायको आयसीयूत होती तेव्हा यातलीच पोरं रात्री दोन वाजता रक्त द्यायला आली होती, ते मी विसरणार नाही. पण हॉलच्या दारात जो क्यूआर कोड चिकटवलाय तो स्कॅन केला की ट्रस्टचं नाव येत नाही, पास्टरच्या घरातल्या माणसाचं नाव येतं. दोन वर्षं मी पण तिथंच पैसे टाकत होतो, लक्षच दिलं नव्हतं. मग मुलीनं विचारलं पप्पा हे कोण, तेव्हा मी एका मीटिंगला हळूच विचारलं की वर्षाचा हिशोब बघायला मिळेल का. आवाज चढवला नाही काही नाही. उत्तर आलं, 'माझ्या अभिषिक्तांना (देवानं नेमलेल्यांना) हात लावू नका' असं वचन आहे, भाऊ तुमचा विश्वास कमी पडतोय, बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचा.

वाचला. परत एकदा वाचला. दशांश भांडारात आणा असंच आहे तिथं, आणि भांडार कशाला तर मंदिरात अन्न असावं म्हणून. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ, विधवा यांनी तो पोटभर खायचा असं सांगितलंय. आणि ज्या लेव्यांना दशांश मिळायचा त्यांना पण त्यातला दहावा भाग परत द्यायला लागायचा, म्हणजे घेणाऱ्यालाही देणं सुटलं नव्हतं. यातलं काहीच आमच्याकडं स्टेजवरून सांगत नाहीत, सांगतात ते फक्त आकाशाच्या खिडक्या उघडतील तेवढं.

आणि मला सगळ्यात आवडते ती योवाश राजाची गोष्ट, दुसऱ्या राजे पुस्तकात बाराव्या अध्यायात आहे. मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजक, म्हणजे मंदिरातले पुरोहित, गोळा करत होते पण राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष लागलं तरी दुरुस्ती काही झाली नाही. मग यहोयादा याजकानं एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीजवळ ठेवली. पेटी भरत आली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघं येऊन पैसे मोजायचे, थैल्यांत बांधायचे, आणि तिथून सुतार गवंड्यांची मजुरी जायची. म्हणजे दानपेटी आणि दोघांनी मिळून मोजणी, हे आमच्या बायबलमध्येच आहे! ख्रिस्ताचा प्रेषित पौल तर यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो आणि करिंथच्या लोकांना लिहितो की या पैशावरून कुणी आमच्यावर बोट ठेवू नये म्हणून आम्ही जपतोय. पौलाचा विश्वास कमी पडला होता का मग?

हे फक्त छोट्या हॉलमधलं दुखणं आहे असंही नाही. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चमध्ये बिल्डिंग फंडाचा पैसा खोट्या बॉंडमधून पास्टरच्या बायकोच्या गाण्याच्या करिअरला वळवला, सुमारे 5 कोटी सिंगापूर डॉलरचं प्रकरण, 2015 ला सहा जण दोषी ठरले, त्यात 'काँग ही' नावाचे ते पास्टर पण. कोरियात तर योइदो चर्चचे पास्टर डेव्हिड याँगी चो, ज्यांची प्रवचनं आमच्याकडं लोक भक्तिभावानं ऐकायचे, त्यांना 2014 ला शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली ते सोडा, पण मुलाचे शेअर्स चर्चला चढ्या भावानं घ्यायला लावले होते.

आपल्याकडं कायदा नाही असं पण नाही. 1950 चा पब्लिक ट्रस्ट कायदा देवळाच्या ट्रस्टला तसा चर्चच्या ट्रस्टलाही, दरवर्षी ऑडिट करायचं, ट्रस्टी बदलले की चेंज रिपोर्ट, जमीन विकायची तर चॅरिटी कमिशनरची परवानगी. शिर्डी आमच्याच जिल्ह्यात, तिथली दानपेटी मोजली की आकडा तुमच्याच पेपरात येतो. आमचा आकडा छापा म्हणत नाही मी, नोटीस बोर्डाला एक कागद लावा.

एक गोष्ट मात्र पाळक मंडळींच्या बाजूनं सांगतो. खेड्यातल्या कितीतरी पाळकांना मिळतं ते इतकं कमी की आपल्या घरातला ड्रायव्हर पण तेवढ्यात राहणार नाही, चार गावांना जुन्या मोटारसायकलवर फिरतात, मयतीला आणि बारशाला तेच. त्यांचा पगार वाढवा, दशांशातूनच वाढवा, पण कमिटीत ठरवून, आकडा लिहून.

त्या मीटिंगनंतर क्यूआरवर पैसे टाकणं मी थांबवलंय. पण दहावा हिस्सा दर महिन्याला काढतो, आता माझ्याकडं पण एक पाकीट आहे, बँकेच्या कॅलेंडरबरोबर आलेलं, त्यात सात महिन्यांचं साठलंय. त्यातले दोन महिन्यांचे शेजारच्या विधवा बाईंच्या मुलाच्या फीला दिले, ते पाकिटावर तारखेसकट लिहून ठेवलंय आणि बायकोची सही घेतलीय.

कृपया माझं नाव छापू नये, रविवारी परत तिथंच जायचंय.

एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर