तुटक रेघ

प्रिय बाळा,

काल फोनवर फार हिरमुसलेली वाटलीस. तीन दिवस डोंगर पालथा घालून काढलेला खडकांचा नकाशा सरांनी परत केला आणि चुनखडक आणि शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पातळ थरांचा खडक) यांच्या सीमेवर लाल पेनाने लिहिलं, ‘हे तू पाहिलंस का?’ तू मला म्हणालीस, “पण आई, रेघ बरोबरच होती गं!” असेलही. तरी प्रश्न मला रास्त वाटला. दोन खडकांची सीमा डोळ्यांनी दिसली तिथे सलग रेघ, अंदाजाने जोडली तिथे तुटक, मातीखाली झाकली गेली तिथे ठिपके. तू गवताने भरलेल्या उतारावर दोनशे मीटर सलग रेघ ओढलीस. उद्या त्या नकाशावर कुणी पुलाचा पाया ठरवला, तर तो समजणार की इथला खडक कुणीतरी बघून ठेवलाय.

दुसरं गाऱ्हाणं मी आधीही ऐकलंय. अभियांत्रिकी भूशास्त्र शिकणारे आपण धड भूशास्त्रज्ञ नाही, धड इंजिनिअर नाही. सकाळी कॅल्क्युलस आणि मेकॅनिक्स, दुपारी भिंगाखाली फेल्डस्पारसारखी खनिजं. पुढे मृद् यांत्रिकी, खडक यांत्रिकी, भूजल हे विषय आले की ही दोन टोकं आपोआप जवळ येतील, पण तोवर दमछाक होणार, हे खरंय. सिव्हिलच्या मैत्रिणींना हवं तसं काँक्रीट मागवता येतं, 28 दिवसांनी ठोकळा दाबून त्याची ताकद मोजता येते. तुझं साहित्य कोट्यवधी वर्षांपूर्वी तयार होऊन बसलंय, आणि त्यातलं मनगटाएवढ्या जाडीचं नळकांडं तेवढं तुझ्या हातात येणार. हा खडक कसा घडला हे कळल्याशिवाय तो कुठून फुटेल हे सांगता येत नाही. म्हणून दोन्ही शिकायचं.

त्या नळकांड्याबद्दल, म्हणजे ड्रिलने जमिनीतून काढलेल्या कोअरबद्दल, एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. नोकरीचं दुसरं वर्ष. दीड मीटरच्या रनमधून, म्हणजे ड्रिलच्या एका खेपेतून, 1.38 मीटर कोअर निघाला, 12 सेंटीमीटर गायब. ड्रिलर म्हणाला, “मॅडम, मध्येच पाणी तांबूस आलं आणि रॉड भसकन खाली गेला.” मी पेटीतले तुकडे जुळवत बसले होते. खडबडीत, ताज्या चकाकीची तोंडं म्हणजे ड्रिलिंगमध्ये तुटलेले, ते एकच तुकडा धरायचे. गंज चढलेली, गुळगुळीत तोंडं म्हणजे मूळचीच भेग. 10 सेंटीमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज 1.14 मीटर, भागिले दीड, म्हणून आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे याचं माप, 76 टक्के. ही पद्धत अमेरिकी अभियंते डॉन डीअर यांनी 1960च्या दशकात घालून दिली. तक्त्यानुसार खडक ‘चांगला’. गायब झालेल्या 12 सेंटीमीटरसमोर मी लिहिलं, ‘ड्रिलिंगमुळे नुकसान’. ड्रिलरचं वाक्य लिहिलं नाही.

खोदकाम त्या खोलीपर्यंत पोचलं आणि एका पावसाळी रात्री त्या बाजूचा उतार घसरला. खाली कुणी नव्हतं. सकाळी मी जाऊन पाहिलं: दोन घट्ट थरांच्या मध्ये चिकणमातीचा तांबूस पट्टा, ओल्या साबणासारखा. ड्रिलिंगच्या पाण्याने तो धुऊन नेला होता, म्हणून पेटीत आलाच नव्हता. मी पेटीत होतं तेवढंच वाचलं.

तेव्हापासून वायोंतचं धरण माझ्या मनातून जात नाही. इटलीतलं, सुमारे 262 मीटर उंच. 9 ऑक्टोबर 1963च्या रात्री माँते तोक डोंगराची बाजू, सुमारे 27 कोटी घनमीटर, जलाशयात कोसळली. पाण्याची लाट धरणावरून उसळून खालच्या खोऱ्यात गेली, सुमारे दोन हजार माणसं मेली. धरणाची भिंत आजही उभी आहे. काँक्रीट काटेकोर होतं, डोंगर समजला नव्हता. पुढच्या अभ्यासात घसरणीच्या पातळीवर, चुनखडकाच्या थरांमध्ये, चिकणमातीचे पट्टे सापडले, काही जेमतेम काही सेंटीमीटर जाडीचे. एवढ्या प्रचंड डोंगरात एवढासा पट्टा! मला त्याची भीती वाटते, आणि तुलाही थोडी वाटावी असं मनापासून वाटतं.

गणिताची काळजी करू नकोस, ते सरावाने येतं. तेवढं कोअर लॉगिंगचं, म्हणजे कोअर बघून नोंदी करण्याचं, प्रात्यक्षिक बुडवू नकोस, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी. आणि ड्रिलरशी बोलत जा. रॉडचा आवाज, परत येणाऱ्या पाण्याचा रंग, वेग, सगळं त्याला आठवतं. विचारलं नाही तर तो सांगत नाही.

शनिवारी त्या उतारावर पुन्हा जाणार म्हणालीस ना? ओढ्याच्या काठाने जा. पाण्याने माती कापलेली असते, तिथे खडक उघडा पडलेला सापडतो. सापडला तर डिप, म्हणजे थर किती कलला आहे तो कोन, मोज आणि सलग रेघ ओढ. नाही सापडला तर तुटक. नकाशाचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई