त्या एकाच प्राण्याचे चित्र

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तैलरंगात माणसांची व्यक्तिचित्रे करण्यात तुझी उमेदीची वर्षे गेली आणि आता कुणी आपल्या कुत्र्याचे चित्र करून मागितले आहे, तर ते काम घ्यावे का आणि घेतले तर ॲक्रिलिकमध्ये करावे का, असे तू विचारले आहेस. काम अवश्य घे, आणि ॲक्रिलिकमध्येच कर. माझा चरितार्थ याच कामावर चालतो आणि त्यावर माझा जीवही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, तुझ्याकडे कुत्र्याचे नव्हे, तर त्यांच्या कुत्र्याचे चित्र मागितले आहे. त्या जातीचा देखणा नमुना तू कितीही कौशल्याने रंगवलास, तरी ज्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित खाली पडतो, तो त्यांच्या घरातला प्राणी त्यात दिसला नाही तर सारे श्रम वाया जातात. थोर प्राणिचित्रे याच जातीची आहेत. जहांगीराच्या दरबारातील उस्ताद मन्सूरने 1621 साली झेब्रा रंगवला, तो बादशहाला भेट म्हणून आलेला तो एक झेब्रा होता. हा प्राणी पाहून काहींना त्याचे पट्टे कुणी रंगवले असावेत असा संशय आला होता, असे जहांगीराच्या आठवणींत नमूद आहे. मन्सूरने ते पट्टे नक्षीसारखे सरसकट न ओढता त्या देहाच्या गोलाईवरून वळवत नेले आहेत. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्जने 1762च्या सुमारास रंगवलेला व्हिसलजॅकेट हाही नावाने ओळखला जाणारा एक घोडा. त्याच्यामागे ना झाडे आहेत ना डोंगर, रिकाम्या पार्श्वभूमीवर तो एकटा उभा आहे. या स्टब्जने घोड्यांची शवविच्छेदने करून 1766 साली अश्वशरीररचनेवर चित्रग्रंथ प्रसिद्ध केला होता. केसांच्या खाली काय आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच वरचे केस रंगवता येतात, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून केसांची घाई करू नकोस. नवखे चित्रकार पहिल्याच दिवशी बारीक ब्रश घेऊन एकेक केस ओढू लागतात आणि शेवटी केसाळ पण सपाट असे काहीतरी हाती लागते. कवटीचा आकार, मुस्कटाची लांबी, दोन डोळ्यांमधील अंतर आणि छायाप्रकाशाचे मोठे भाग हे सारे एकही केस न काढता रुंद ब्रशने उभे राहिले पाहिजे. दूर उभे राहून त्या अवस्थेतही प्राणी ओळखू आला, तरच पुढे जावे. मी रेखांकनावरच केसांच्या दिशेचे लहान बाण काढून ठेवतो, कारण केस नाकापासून निघून कपाळावरून मागे जातात, गालांवर खाली आणि मागे वळतात, छातीवर त्यांचे भोवरे होतात, आणि दिशा एका ठिकाणी चुकली की तिथले हाडच मोडल्यासारखे दिसते.

आता ॲक्रिलिकविषयी. केस थरांनी असतात आणि ॲक्रिलिकही थरांनीच चढते, हे या माध्यमाचे या विषयाशी जुळलेले नाते आहे. आधी केसांच्या झुपक्यांमधला खोल गडद रंग, त्यावर मधला, त्यावर उजळ टोके. मग सगळ्यांना एकत्र बांधणारा पातळ पारदर्शक ग्लेझ आणि पुन्हा मोजक्या ठिकाणी उजेड. तैलरंगात यातल्या प्रत्येक पायरीला वाळण्याची वाट पाहावी लागली असती. इथे पातळ थर काही मिनिटांत वाळतो आणि एकदा वाळला की पाण्याने पुन्हा विरघळत नाही, त्यामुळे खालचे काम न ढवळता वर काम करता येते. पांढऱ्या प्राण्यांच्या बाबतीत तर आणखी एक लाभ आहे: तैलरंगातले जवसाचे तेल काळानुसार पिवळे पडते, ॲक्रिलिकचा बाइंडर, म्हणजे रंगाची पूड बांधून ठेवणारे द्रव्य, त्या मानाने फारच कमी.

तुझ्या हाताला मात्र दोन गोष्टी जड जातील. ओल्या रंगातला बाइंडर दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून प्रत्येक छटा वाळल्यावर किंचित गडद होते. शेजारच्या कागदावर ठिपका वाळवून पाहिल्याशिवाय चेहऱ्याची मधली छटा लावू नकोस, आणि मिसळलेले रंग झाकणाच्या ओलसर पॅलेटमध्ये जपून ठेव. दुसरे म्हणजे, नाकपुडीभोवतीची मऊ संक्रमणे तू ओल्यात ओले मिसळून साधतोस. इथे ती पातळ ग्लेझच्या अनेक थरांनी किंवा रंगात थोडे रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रव्य) घालून साधावी लागतात. ग्लेझसाठी नुसते पाणी ओतत जाऊ नकोस, फार पाण्याने थर कमकुवत होतो, मिडियम, म्हणजे रंग नसलेले ॲक्रिलिक द्रव्य वापर. आणि तुझ्याकडचे तैल प्राइमिंग केलेले (तैलरंगाचा पायाथर दिलेले) जुने कॅनव्हास यासाठी मुळीच घेऊ नकोस, कारण तेलावर ॲक्रिलिक नीट धरत नाही.

काळ्या कुत्र्यासाठी ट्यूबमधला तयार काळा रंग वापरला की तिथे भोक पडल्यासारखे दिसते. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणातून जो गडद रंग मिळतो, तो निळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकवता येतो. आकाशाकडे तोंड केलेली पाठ निळसर आणि उन्हातली टोके तपकिरी, एवढ्यावर काळा देह जिवंत होतो. पांढरा प्राणी त्याउलट बहुतांश करड्या, मातकट, निळसर छटांचाच असतो. निखळ टायटॅनियम व्हाइट अखेरच्या चारदोन फटकाऱ्यांसाठी राखून ठेवावा.

डोळ्यांवर मी सर्वांत जास्त वेळ देतो. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, आणि चमकेच्या समोरच्या बाजूला आतून उजळलेला भाग असतो. तो रंगवला नाही तर डोळा काचेच्या मण्यासारखा दिसतो. कुत्र्याची बाहुली गोल, मांजराची उजेडात उभी फट, घोड्याची आणि बकरीची आडवी. जर्मन चित्रकार ड्यूररने 1502 साली रंगवलेल्या सशाच्या डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंब आहे, आणि त्या एवढ्याशा खुणेने तो ससा एखाद्या खोलीत आपल्यासमोर बसला आहे असे वाटते. हे सारे फोटोत असेल याची मात्र खात्री नाही. फ्लॅशने डोळ्याच्या मागचा परावर्तक पडदा चमकून हिरवा-पिवळा झगझगाट येतो, आणि मोबाइल नाकाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक अवास्तव मोठे व कान लहान होतात. म्हणून होकार देण्याआधीच फोटो मागव: प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, थोड्या अंतरावरून, खिडकीच्या उजेडात, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले. फोटो व्यावसायिक छायाचित्रकाराचा असेल तर त्याची परवानगी आधी हवी.

अनेकदा प्राणी गेल्यानंतरच लोक आपल्याकडे येतात. अशा वेळी नवा फोटो मिळणे शक्य नसते, आणि जे दिसत नाही ते मनाने रचण्याचा मोह होतो. मी तसे करत नाही. घरच्यांना बोलू देतो. तो दारात कसा बसायचा, मान कोणत्या बाजूला कलती ठेवायचा, हे ते सांगतात, आणि त्यावरून कोणता फोटो मूळ धरायचा ते ठरते. डोळे धूसर असलेला फोटो एकच असेल, तर मोठा चेहरा न घेता संपूर्ण देहाची बैठक घ्यावी. आपल्या माणसाला तीही लांबून ओळखू येते.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. आकार, मुदत, आगाऊ रक्कम आणि बदल कोणत्या टप्प्यापर्यंत करशील हे लेखी ठरव, आणि रेखांकन त्यांना दाखवून संमती घेतल्याखेरीज रंगाला हात घालू नकोस. पूर्ण वाळल्यावर काढता येण्याजोगे वार्निश दे. पाठवताना चित्रावर थेट प्लास्टिक गुंडाळू नकोस. उष्णतेने ॲक्रिलिकचा थर मऊ पडतो आणि प्लास्टिक त्याला चिकटते, म्हणून मध्ये ग्लासिन हा गुळगुळीत कागद हवा.

त्या कुत्र्याचे फोटो आले की मलाही पाठव. कोणता निवडावा ते दोघे मिळून पाहू, आणि केसांच्या दिशेचे बाण काढलेले रेखांकन रंग लावण्याआधी एकदा माझ्या नजरेखालून जाऊ दे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा स्नेही