परळच्या रेडिओवाल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

त्या रविवारी जिना उतरताना तुम्ही ‘आभार कसले, चहा दिलास ना’ एवढंच म्हणालात आणि निघालात. मला ते पुरलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

आजोबांचा रेडिओ गिरगावच्या आमच्या खोलीत कपाटावर होता, पोस्टाच्या लायसन्सचं पुस्तक अजून मागे दोऱ्याने बांधलेलं. लावला की वीस मिनिटं छान वाजायचा, मग आवाज घोगरा व्हायचा आणि करपल्यासारखा वास यायचा. दोन ठिकाणी दाखवला. दोन्हीकडे एकच निदान: आउटपुटचा, म्हणजे स्पीकरला जोर देणारा काचेचा व्हॉल्व्ह गेला. त्याच जातीचा नवा ईएल८४ बसवला, तर त्याच्या आतली प्लेटही लालभडक होऊ लागली. तिसरा आणा, असं सांगण्यात आलं.

तुम्ही रेडिओ उलटा केलात आणि विचारलंत, ‘व्हॉल्व्ह मेला हे कळलं. मारला कोणी?’

काका, या एका प्रश्नासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

आधी रेडिओच्या वायरीत ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावलात. बल्ब लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट, मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. मग एक हात पाठीमागे ठेवायला लावलात, आणि सेट बंद केल्यावरही वीज साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटर रेझिस्टरने रिकामे केल्याशिवाय बोट लावू दिलं नाहीत. मी घाईत होते, तुम्ही नव्हता.

मीटर मला धरायला दिलात. ईएल८४च्या कॅथोडवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या एका टोकावर, सात-एक व्होल्ट हवेत, तिथे १२ दिसले. खालचा रेझिस्टर १५० ओहमचा, म्हणजे ४८ मिलिअँपिअरच्या जागी ८० वाहत होते. करंटला लगाम घालणाऱ्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, शून्य असायला हवं, तिथे चक्क ९ व्होल्ट. मी लगेच म्हणाले, व्हॉल्व्हच खराब. तुम्ही शांतपणे मेणाने मढवलेल्या जुन्या कागदी कपॅसिटरचं एक टोक सोडवलंत. ग्रिडवरचे व्होल्ट गायब! व्हॉल्व्हच्या आतल्या निर्वातात गॅस होऊन तोच दोषी असता तर ते तसेच राहिले असते. म्हणजे मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा डीसी, जो कपॅसिटरने अडवायला हवा, त्याच्यातूनच झिरपून ग्रिडवर येत होता. इतक्या पावसाळ्यांची मुंबईची दमट हवा कागदात मुरली होती. काही रुपयांचा नवा कपॅसिटर बसला आणि ग्रिड शून्यावर आलं. आणखी थोडे दिवस तसाच चालवला असता तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला असता, आणि तो मिळवणं किती कठीण ते लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरून मला कळलं आहे.

घूं घूं करणारा फिल्टरचा कपॅसिटरही तेव्हाच बदललात, ते थोडक्यात झालं.

पण मला सगळ्यात आवडलं ते नंतरचं. १०४४ किलोहर्ट्झवर मुंबई केंद्र स्वच्छ लागत होतं, ५५८ वर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मात्र काही केल्या येईना. तुम्ही आईचा छोटा ट्रान्झिस्टर मागून घेतलात आणि रेडिओच्या शेजारी ठेवून १०१३ वर लावलात. रेडिओचा ऑसिलेटर लावलेल्या स्टेशनहून ४५५ वरची लहर आत तयार करतो: ५५८ आणि ४५५ मिळून १०१३. तो चालू असेल तर तिथे ऐकू यायला हवा. आला नाही. रेडिओ १०४४ वर नेल्यावर मात्र तो १४९९ वर शीळ घातल्यासारखा सापडला. ‘हा खरोखर थकलाय,’ म्हणत तुम्ही त्या ऑसिलेटरचा व्हॉल्व्ह, ईसीएच८१, काढलात आणि पिशवीतून स्वतःचा, चोरबाजारातून आणून जपून ठेवलेला, लावलात. पैसे घेतले नाहीत. ज्या व्हॉल्व्हवर कुणी संशयही घेतला नव्हता, तोच एकटा बदलायचा होता.

स्टेशन लागलं की मिटणारा रेडिओवरचा हिरवा डोळा मिटत आला, अस्मिता लागली आणि आई पदराने काचेवरची धूळ पुसत उभी राहिली. तिने रेडिओला हात लावलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

तो गळका कपॅसिटर मी डबीत ठेवला आहे. तुमचं सोल्डरचं वेटोळं मात्र इथेच राहिलं. येत्या रविवारी परळला घेऊन येते. शेजारच्या बिऱ्हाडातला जुना सेट घूं घूं करतोय. त्याचं निदान आधी मी करून पाहणार आहे. चुकले तर सांगा.

काकूंना नमस्कार.

आपली,
गिरगावची मीटरवाली